दौंडकडून उत्तर नाही

शब्बीर तांबोळी हा माणूस चांगला होता, ही गोष्ट मला आयुष्यभर खटकत आली. वाईट असता तर सोयीचं झालं असतं. त्याच्याबद्दल चार शब्द बोलून मी मोकळा झालो असतो आणि या दिवाळी अंकासाठी नुसत्या पुराच्या नि वायरलेसच्या गमतीजमती लिहिल्या असत्या. त्याही सांगणार आहे. पण कुठूनही सुरुवात केली तरी गाडी शेवटी शब्बीरच्या दारात जाऊन उभी राहते, तेव्हा आधीच नाव घेऊन टाकलेलं बरं.

मी सरकारी खात्यात पुराच्या वायरलेसवर ऑपरेटर होतो. नेमणूक दौंडला आणि जन्मही दौंडचाच. वडील रेल्वेत खलाशी. आमचं घर खालच्या वस्तीत, भीमेच्या अंगाला. पुढे मला वरच्या बाजूला क्वार्टर मिळालं, पण आक्का, माझी थोरली बहीण, लग्नानंतरही त्या वस्तीतच राहिली, कारण तिला सासरच गल्लीतलं मिळालं होतं. तिचा नवरा लवकर गेला. एक म्हैस, दोन मुली आणि रेल्वे क्वार्टरमधली दुधाची गिऱ्हाइकं, यावर ती उभी होती.

मोर्स मला स्टेशनवरच्या तारमास्तरांनी शिकवलं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पितळेची एक चावी असते, ती बोटांनी दाबायची. चटकन सोडली की आखूड ठोका, जरा धरून ठेवली की लांब. प्रत्येक अक्षराचे ठोके ठरलेले. हे पाठ करायला महिना पुरतो. पण कानाला ठोके ऐकू यायचे बंद होऊन सरळ शब्दच ऐकू यायला वर्ष लागतं. याचा फायदा असा की वर विजा कडाडत असल्या आणि कानात नुसती खरखर भरली असली तरी त्यातून ठोके वेचून काढता येतात. माणसाचा आवाज तसा वेचता येत नाही.

ही विद्या आमच्या ऑफिसात एकट्या माझ्याकडे होती. त्यामुळे पुण्याहून साहेब आले की कारकुनांना चहा काचेच्या ग्लासात आणि मला कपबशीत मिळत असे. पगार सगळ्यांचा सारखाच अपुरा होता, पण बशी माझी होती. तुम्हाला हसू येईल. मला त्या बशीचा फार अभिमान होता.

तिथे शब्बीर आला.

शब्बीर शिरूरचा. घरचा धंदा लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा. लग्न असो, उरूस असो, चौदा एप्रिलची मिरवणूक असो, कर्णा तांबोळ्यांचाच. आमच्या खात्यात तो मेकॅनिक म्हणून लागला आणि खुटबावच्या चौकीवर बसला. शर्टाच्या खिशाला इतरांच्या पेन असतं, याच्या स्क्रू-ड्रायव्हर असे. मोर्स त्याला येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती.

"बापू, मानसाला त्वांड दिलंय की," तो मला म्हणायचा. "मंग बोटांनी कशापायी बोलायचं?"

निमोण्याला आम्ही एरियलची तार टांगायला गेलो होतो. ज्या लिंबाला तार बांधायची त्याचा मालक कमरेवर हात ठेवून आडवा आला. "बिनतारी यंत्र म्हनता," तो म्हणाला, "आन् तार माज्या लिंबाला बांदता व्हय? येडा समजलात का मला?" मी त्याला विद्युतलहरींपासून समजावायला घेतलं. मला घाम फुटला, त्याच्या कपाळावरची आठी हलेना. तेवढ्यात शब्बीर पुढे झाला. "मामा, ही तार न्हाई, ह्यो यंत्राचा कान हाय. बहिऱ्याला निरोप सांगून काय उपेग?" मालक हसला आणि स्वतः शिडी घेऊन आला. आम्हाला ताकही पाजलं. हे उत्तर मला का सुचलं नाही, या विचारात माझी ती संध्याकाळ गेली.

असं पुष्कळ. एक म्हातारी दर गुरुवारी माझ्या खिडकीशी येऊन बसे आणि आज भजन लागणार का, असं विचारी. हा रेडिओ नव्हे, असं मी तिला किती वेळा सांगितलं असेल. शब्बीर एकदा कामासाठी दौंडला आला होता, त्यानं तिला स्वतःच एक भजन म्हणून दाखवलं. पुढच्या गुरुवारपासून ती मला विचारू लागली, "त्यो गाणारा मास्तर कवा येनार?"

आता मूळ गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. ज्या तालुक्यांत लोकांनी खडी फोडून दिवस काढले तिथे पुराची तयारी करायची म्हणजे थट्टेचा विषय होता. पण वरच्या अंगाला धरणं होती. घाटात पाऊस झाला आणि दारं उघडली की भीमा भरून येई. वडगाव रासाईला पाणी चढलं की चार-पाच तासांनी ते दौंडला पोचतं. म्हणजे वडगावहून वेळेवर निरोप आला तर खालच्या वस्तीला चार-पाच तास मिळतात. नाही आला तर पाणीच निरोप घेऊन येतं. टेलिफोनवर भिस्त ठेवता येत नव्हती, कारण ज्या वादळात निरोप हवा असतो नेमक्या त्याच वादळात खांब पडतात.

म्हणून साहेबांनी दोन प्रकारचे संच मागवले आणि मे महिन्यात आठ दिवस त्यांची चाचणी घ्यायचं ठरवलं. वडगाव, खुटबाव आणि दौंड, अशी तीन ठिकाणं.

एक मोठा संच. वजनदार, दोन झाडांमध्ये लांब तार टांगायला लागणारा. त्याचा पल्ला मोठा, वडगावहून थेट दौंडला पोचे. पण विजा चमकायला लागल्या की त्यावर बोललेलं कळत नसे, फक्त मोर्स कळे. दुसरा छोटा संच, पेटीएवढा. त्याचा आवाज स्वच्छ, विजांचा त्याला फारसा त्रास नाही. पण त्याला उंच खांब लागे आणि पल्ला कमी. वडगावचं बोलणं खुटबावनं ऐकायचं आणि पुढे दौंडला सांगायचं, अशी साखळी करावी लागे. मोठा संच म्हणजे माझी चावी. छोटा संच म्हणजे शब्बीरचं तोंड. साहेबांना यंत्र निवडायचं होतं, पण मला तरी ते तसं दिसत नव्हतं.

आमच्या धंद्यातली एक पद्धत इथे सांगायला हवी. आम्ही आवाजाला मार्क देतो. एक म्हणजे काही कळत नाही, पाच म्हणजे समोर बसून बोलल्यासारखं. हाक दिली की दोघंही एकमेकांना तोंडानं आकडा सांगतात, आणि दोघंही आपापल्या लॉगबुकात दोन्ही आकडे लिहितात: मला तुझं कसं ऐकू आलं आणि तुला माझं कसं ऐकू आलं. लॉगबुकात खोडून काढायला बंदी. चूक झालीच तर एकच रेघ मारायची, खालचं अक्षर दिसलं पाहिजे, आणि शेजारी सही नि तारीख टाकायची. त्यामुळे एकाच बोलण्याची नोंद दोन गावांत दोन हातांनी झालेली असते.

चाचणीच्या तिसऱ्या दिवशी साहेब वडगावला आले. मीही चावी घेऊन गेलो होतो. तिथे नदीतली पाण्याच्या उंचीची पट्टी वाचायला रामाआप्पा नावाचा नावाडी नेमला होता. सगळा जन्म होडीत गेलेला, लिहिण्यावाचण्याशी संबंध आकड्यांपुरता. साहेबांनी छोटा संच त्याच्या हातात दिला. शब्बीरनं आदल्या दिवशी त्याला दहा मिनिटं शिकवलं होतं आणि आता तो खुटबावला बसला होता. आप्पानं बटण दाबलं.

"खुटबाव, मी वडगावचा रामा बोलतोय. पानी घाटाच्या लई खाली हाय. तू जेवलास का?"

"जेवलो, आप्पा," शब्बीरचा आवाज आला. "तुमचा आवाज पाच हाय."

साहेब खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "गायकवाड, तुमचं मोर्स शिकायला किती दिवस लागतात?"

"एक वर्ष, साहेब."

"आणि हे दहा मिनिटांत!"

त्यांच्या मनात काही नव्हतं. चहा आला. आप्पाच्या घरात कपबशी एकच होती. साहेबांनी ती आप्पाच्या पुढे केली, "आजचे ऑपरेटर तुम्ही" म्हणाले, आणि स्वतः ग्लास घेतला. मलाही ग्लास आला. आप्पा बिचारा बशीत ओतून फुर्र फुर्र चहा पीत होता आणि मी मनातल्या मनात शब्बीरला शिव्या देत होतो. तो त्या वेळी तिथे नव्हताही.

सहाव्या दिवशी दुपारी वळीव आला. खरं तर हीच खरी चाचणी. बाकीचे दिवस कोरडे ठणठणीत होते, त्यात कुठलाही संच चालला असता. मोठ्या संचावर आधी हाक दिली. बोललेलं एक अक्षर कळेना. वडगावचा आमचा मोर्स येणारा ऑपरेटर चावीवर बसला तेव्हा निरोप आला, पण तीनदा परत मागवावा लागला. मग मी छोटा संच लावला.

"दौंड, खुटबाव बोलतोय. बापू, हितं गारा पडायल्यात. पत्र्याचा आवाज येतोय का?"

येत होता. विजा कडाडत होत्या आणि मला खुटबावच्या पत्र्यावर पडणाऱ्या गारा ऐकू येत होत्या. पाच, मी म्हणालो. सवयच तशी, जीभ खोटं बोलेना. शब्बीरनंही मला पाच दिले. संच बंद केला, लॉगबुक ओढलं आणि त्याच्या आवाजापुढे लिहिलं: दोन.

मी काही ठरवून बसलो नव्हतो. पेन टेकलं तेव्हा डोळ्यांपुढे ती बशी आली, एवढं आठवतं. लिहिल्यावर शाई वाळेपर्यंत त्याकडे पाहत बसलो. रेघ मारून सही करायला अर्धं मिनिट लागलं असतं. मारली नाही.

चार दिवसांनी साहेबांनी दौंडचं नि खुटबावचं, दोन्ही लॉगबुकं ताळा करायला मागवली. मी गार पडलो. माझ्या बुकात दोन आणि शब्बीरच्या बुकात, मी तोंडानं सांगितलेले पाच. नोकरी गेली, असं धरून मी आठवडा काढला. पण काही झालं नाही. साहेबांनी ताळा केलाच नसणार, असा मी अर्थ लावला. निकाल आला, "वादळात आवाज दोनवर येत असल्याने छोटे संच अयोग्य." मोठे संच मंजूर झाले. छोटे संच परत मागवण्याचं पत्र येईपर्यंत जिथल्या तिथे ठेवावेत, असा खाली शेरा होता. ते पत्र कधीच आलं नाही. दौंडचा छोटा संच मी पेटीत घालून टेबलाखाली ढकलला. गच्चीवरचा त्याचा खांब उतरवायचा आळस केला, एवढंच बरं केलं.

निकाल ऐकून शब्बीर म्हणाला, "ठीक हाय, बापू. चावी तर चावी." आणि हसला. भांडला असता तर मी झोपलो असतो.

त्याच वर्षी परतीचा पाऊस धो धो आला. तीन दिवस घाटात पडत होता, आणि चौथ्या दिवशी आमच्याकडे विजांसकट सुरू झाला. सकाळीच टेलिफोन गेला. रस्त्यावर ओढे आले, गाड्या अडकल्या. वडगावचा ऑपरेटर हिवतापानं दोन दिवसांपासून घरी पडला होता आणि बदली माणूस ओढ्यापलीकडे अडकला होता. म्हणजे वडगावला मोठा संच होता, पण चावी वाजवणारं कुणी नव्हतं. नुसता रामाआप्पा होता, आणि त्याचा आवाज मोठ्या संचावर त्या विजांतून येणं शक्य नव्हतं. बारापासून मी हाका देत होतो. कानात कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, बाकी काही नाही.

माझ्या पायाला टेबलाखालची पेटी लागत होती.

ती काढायची म्हणजे काय, हे मला पक्कं माहीत होतं. छोटा संच वादळात चालतो हे मीच सिद्ध करून द्यायचं. मी स्वतःला सांगितलं की वडगावचा नि खुटबावचा छोटा संच एव्हाना बंद असेल, बॅटऱ्या उतरल्या असतील, कोण कशाला लावून बसेल? पटत नव्हतं, तरी सांगत राहिलो.

दोन वाजून गेले होते तेव्हा आक्का डोक्यावर पोतं घेऊन आली. भाजी-भाकरीचा डबा ठेवला.

"बापू, नदी लाल झालीया. फेस बी येतोय. चंद्रीला सोडून वर आनू का?"

चंद्री म्हणजे तिची म्हैस. पोटऱ्यांपर्यंत चिखलातून तिला वर आणायची, बांधायला जागा शोधायची, धार चुकायची, गिऱ्हाईक तुटायचं. उगाच करण्यासारखं ते काम नव्हतं. म्हणून ती विचारायला आली होती. भाऊ सरकारी वायरलेसवर, त्याला कळणारच.

"वडगावहून अजून काही नाही, आक्का," मी म्हणालो. "आलं की आधी तुला सांगतो."

"मंग मी निवांत ऱ्हाते," ती म्हणाली आणि गेली.

मी पुन्हा चावीवर बसलो. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. सव्वादोन, अडीच, पावणेतीन. तीन वाजायला आले तेव्हा बाहेर कुणीतरी ओरडत गेलं की पुलाच्या खांबाला लाकडं अडकायला लागलीत. मग मी पेटी ओढली. बॅटरी जोडताना घाईत तारा दोनदा उलट्या लागल्या. बटण फिरवलं.

"दौंड, दौंड, खुटबाव बोलतोय. दौंड, कुनी हाय का?"

घाई नाही, राग नाही, लग्नात लाऊडस्पीकर लावल्यावर एक-दोन-तीन म्हणतात तसा आवाज. मी उत्तर दिलं.

"बापू!" तो म्हणाला. "लिवून घ्या. वडगावला आप्पा संचावर बसलाय. पानी सकाळधरनं चढतंय. घाट बुडाला, दोन वाजता पाराला लागलं. अजून चढतंय. माजा आवाज कसा येतोय?"

"पाच," मी म्हणालो.

लिहून घेताना त्यानं तो आकडा पुन्हा उच्चारला. मग म्हणाला, "बरं. पळा आता."

मी मामलेदारांकडे धावलो. दवंडी फिरली, पोलीस आले, वस्ती वरच्या शाळेत नि विहारात हलली. माणूस एकही गेलं नाही, हे मी अभिमानानं सांगत आलो आहे आणि ते खरं आहे. पण पाणी दिवस मावळायच्या आत आलं. आक्का मुलींना वर पोचवून चंद्रीसाठी परत गेली तेव्हा गोठ्यात मांडीएवढं पाणी होतं. दावं भिजून गाठ आवळली होती, ती सुटेना. विळा घ्यायला घरात शिरली तर भिंत खचली. दोन माणसांनी तिला दंडाला धरून ओढून आणली. चंद्री ओरडत होती, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. मग यायचं थांबलं.

रात्रभर आक्का विहाराच्या भिंतीला टेकून बसली. सकाळी मला एवढंच म्हणाली, "तासभर आधी कळतं तर आली असती रं ती." त्यात माझ्यावर ठपका नव्हता. निरोप उशिरा आला, एवढंच तिला ठाऊक होतं. मी अहवालात लिहिलं, "संदेश मिळताच तातडीने कळविण्यात आले." हेही खरंच आहे. त्या वर्षी माझ्या थोरल्या भाचीची शाळा सुटली आणि ती आईबरोबर खुरपायला जाऊ लागली.

पुढे सगळीकडे छोटे संच बसले; चाचणीतल्या 'दोन'चं काय, हे कुणी विचारलंच नाही. शब्बीरचा सत्कार झाला, साहेबांनी त्याला शाल दिली, फोटो निघाला. मी टाळ्या वाजवल्या, पहिल्या रांगेत बसून. माझी चावी कपाटात गेली आणि चहा मला ग्लासात येऊ लागला. हे मी समजू शकलो. आक्काचं मात्र मला सोसवलं नाही. आपल्याला शब्बीरनं वाचवलं, हे तिच्या मनानं घेतलं. तो दौंडला आला की बाजरीची भाकरी, ठेचा, वर शेंगदाण्याची चटणी बांधून. त्याच्याकडून ईदेला शीरखुर्मा येई. भाच्या त्याला मामा म्हणू लागल्या. सख्खा मामा मी, पण घरात नुसतं 'मामा आले' म्हटलं की तो आलेला असे. मी आलो की 'बापूमामा.' माझ्या मामाला पुढे नाव लावावं लागे.

शब्बीर दोन वर्षांपूर्वी गेला. या लेखासाठी त्याचा फोटो मागायला मी शिरूरला गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं, भाभींनी, फोटोबरोबर एक जुनं लॉगबुक आणून ठेवलं. खुटबावचं, त्याच वर्षाचं. खातं रद्दीत काढत होतं तेव्हा त्यानं ते घरी आणलेलं. "तुमच्यासाठीच ठिवलं व्हतं," भाभी म्हणाल्या. "पन द्यायचं म्हनलं की न्हाई म्हनायचे. बापूला वाईट वाटंल."

मी आधी चाचणीचं पान काढलं. सहावा दिवस, वळवाची दुपार. शब्बीरच्या अक्षरात, "दौंडला माझा आवाज: पाच." त्यावर एकच रेघ, नियमाप्रमाणे, खालचं अक्षर दिसेल अशी. पुढे लिहिलेलं: दोन. शेजारी सही, आणि साहेबांनी लॉगबुकं मागवली त्या दिवसाची तारीख. माझं बुक त्याच्या चौकीवरूनच पुढे गेलं होतं. त्यानं ते पाहिलं होतं, आणि आपल्या बुकाचा ताळा माझ्या खोटेपणाशी जमवून दिला होता. स्वतःची आवडती योजना त्यानं एका रेघेत बुडवली.

"का?" मी भाभींना विचारलं.

"म्हनायचे, बापूकडं त्या चावीबिगर हाय काय? ती बी काढून घितली तर मानूस खाली बसंल."

मला त्याचा इतका राग आला की हातातला चहा तसाच ठेवला. दया करायचा हक्क त्याला कुणी दिला होता?

मग पुढची पानं चाळली. चाचणी संपल्यानंतरची. त्या पानांत काही असायला नको होतं. पण रोज पाच वाजता नोंद होती. "वडगाव, आप्पा, पाच. दौंडला हाक दिली. उत्तर नाही." दुसऱ्या दिवशी तेच. सगळा जून, सगळा जुलै, ऑगस्ट, आणि त्यापुढेही. त्यानं नि आप्पानं स्वतःहून संच चालू ठेवले होते, आणि रोज संध्याकाळी तो माझ्या टेबलाखालच्या बंद पेटीला हाक देत होता. मी त्याच टेबलाला बसून त्याला शिव्या देत होतो. "दौंडला हाक दिली. उत्तर नाही."

आणि पुराचा दिवस. दोन वाजता, पाणी पाराला लागल्याचा आप्पाचा निरोप. दोन वाजून पाच मिनिटं, दौंड, उत्तर नाही. दोन दहा, उत्तर नाही. दोन पंधरा. दर पाच मिनिटांनी एक ओळ, अक्षर कुठे वाकडं नाही. माझा तास त्यानं पूर्ण लिहून ठेवला होता. शेवटची ओळ: "तीन वाजता दौंडकडून उत्तर आलं. पाच."

हे पान एकदा साहेबांपुढे ठेवलं असतं, किंवा आक्काच्या पडवीत बसून नुसतं वाचून दाखवलं असतं, तर माझं काय झालं असतं? त्यानं तिच्या हातची भाकरी पंचवीस-तीस वर्षं खाल्ली आणि एक शब्द काढला नाही.

मी अजूनही त्याच्यावर जळतो. मेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात, पण माझ्या वयाला आता सवय बदलत नाही. माणसं त्याच्यावर जीव टाकत म्हणून जळत होतो, आता तो गप्प राहिला म्हणून जळतो. मला एवढं गप्प राहता आलं नसतं. मी गप्प राहिलो ते भीतीनं.

हा अंक दर दिवाळीला आक्काच्या घरी जातो. तिला अक्षर येत नाही, आता नीट दिसतही नाही. तिची नात, शाळा सुटलेल्या त्या भाचीचीच मुलगी, शेजारी बसून सगळा अंक वाचून दाखवते. बाळ, हे वाचताना थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आक्का, दोन वाजून गेल्यावर तू विचारायला आलीस तेव्हा निरोप आलेला होता. माझ्या पायापाशी पेटीत होता. चंद्रीचा तो तास मी घालवला. शब्बीरला हे माहीत होतं आणि त्यानं तुला सांगितलं नाही. मी सांगतोय. निदान एवढी एक गोष्ट तरी त्याच्या आधी मी केली.